कमरेखाली मोकळी हवा

आभासी वर्गातल्या विद्यार्थ्याला पाय नसतात. बाकी सगळं झकास. डोळ्यांवर डबडं चढवलं की पोरगं थेट मंगळावर. तिथं त्याचा रंगीत अवतार तरंगत असतो. डोकं आहे, हात आहेत, हसूसुद्धा आहे. कमरेखाली मोकळी हवा. आपल्याकडच्या भुतांनाही पाय असतात. उलटे का होईना, पण असतात.

तज्ज्ञ म्हणतात, डबड्याला डोकं आणि हात तेवढे कळतात. पाय अंदाजानं काढावे लागतात. म्हणून बऱ्याच आभासी जगांनी ते काढलेच नाहीत. आता कुठं कुठं देऊ लागलेत, तेही अंदाजे.

उद्या हे डबडं लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत येईल. जुलैत, ऐन रोवणीत येईल, कारण अशा गोष्टींना तेवढाच मुहूर्त सापडतो. बांधीत गुडघाभर चिखलात परे लावणारी माय पडद्यावर बघून विचारेल, "पोराचे पाय कुठं गेले जी?" साहेब सांगतील, "बाई, हे भविष्य आहे." तशी झाडीपट्टीला आभासी जगाची नवलाई नाही. दिवाळी सरली की वडशाहून नाटक कंपन्या निघतात आणि धान निघालेल्या बांधीत रात्रभर राजवाडे उभे राहतात. पण तिथं बिनपायाचा नट उभा केला, तर लोक पहिल्या अंकातच तिकिटाचे पैसे परत मागतील.

पण पाय उगाच गेलेले नाहीत. पायांचं मूल फार महाग पडतं हो! त्याला रस्ता लागतो, वेळेवर येणारी एसटी लागते, मैदान लागतं, पाणी असलेला संडास लागतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी तर पायांचाच हिशेब मांडला: पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. पुढं 2023 साली विचार निघाला, की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गोळा करून समूह शाळा काढाव्यात. त्यात सगळ्यांत मोठी अडचण कोणती? पोरांनी तिथवर जायचं कसं! पाय काढा, अडचण संपली. अंतर शून्य, इमारत शून्य, मास्तर शून्य. मास्तर तर आत्ताच अर्धा आभासी झालाय: मतदारयाद्या, सर्वेक्षणं, खिचडीची ऑनलाइन माहिती यांतून सुटला तर वर्गात दिसतो. दोन वर्ग मिळून एक मास्तर, रिकामी जागा तशीच रिकामी, आणि आम्हाला दाखवता मंगळ? फळ्याला रंग नाही तिथं मंगळाचा लाल रंग काय चाटायचाय?

आभासी वर्गांचं हे सगळं परदेशात होऊनही गेलंय. 2003 साली 'सेकंड लाइफ' नावाचं आभासी जग निघालं. मोठमोठ्या विद्यापीठांनी त्यात बेटं घेतली, वर्ग थाटले. तिथं अवतारांना पाय तरी होते. 2010 साली शिक्षणसंस्थांची निम्म्या किमतीची सवलत बंद होणार असं जाहीर झालं, तसा बऱ्याच विद्यापीठांनी काढता पाय घेतला. त्यांची खरी इमारत जागेवर होती, परत जाता आलं. आमची पोरं कुठं परततील?

तेव्हा हे शिक्षण इतकं थोर वाटणाऱ्यांनी आधी आपली मुलं त्यात घालावीत. त्यांच्या शाळांच्या जाहिरातीत मैदान असतं, तरणतलाव असतो, घोडेस्वारीही असते. कमरेखालच्या भागाशिवाय घोड्यावर बसता आलं, तर दिघोरीला जरूर कळवा. तोवर एक मास्तर पाठवा. पायांसकट.