बावखलवाले आबा

निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज अशा वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांतून हिंडलात, तर हा गृहस्थ कुठे ना कुठे भेटतोच. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बंडी, डोळे पाण्यावर. गाव त्यांना आबा म्हणतं. पाहुण्याला आबा आधी बावखल दाखवतात, घर मागाहून.

बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वजांनी ते हातांनी खणलं, पावसाचं पाणी त्यात साठवलं-मुरवलं आणि रहाटाने ओढून केळी, पानवेली, फुलझाडं जगवली. पुढे रहाट गेले, पंप आले. मग वाड्यांमधून इमारती उठल्या आणि एकेक बावखल मातीखाली गेलं. सरकारने 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना काढली, तेव्हा आबा म्हणाले, “आमच्याकडे उलटं आहे. मागेल त्याला भरणी!”

संध्याकाळी आबा काठावर उकिडवे बसून भाताची शितं टाकतात. पाण्याला आधी बुडबुडे फुटतात, मग गोल तोंडांची झुंबड उडते. “ती तुटक्या शेपटीची बघ, महालबाड. दुसऱ्याचा घास पळवते.” खंड्याने सूर मारून मासा उचलला की आबांना कोण कौतुक! भाच्याने गळ टाकला की मात्र पोलिसांत जायची भाषा. स्वतःच्या बावखलातला मासा आबांच्या ताटात कधी पडलेला नाही. रविवारी सुरमई विकत येते. “दारात एवढे मासे, नि पैसे बाजाराला,” असं आजी कुरकुरल्या की आबांचं उत्तर ठरलेलं, “घरच्यांना कुणी खातं का?”

डासांची फवारणी करणारे आले की आबा फाटकातच आडवे होतात. आत गप्पी मासे आहेत. गप्पी डासांच्या अळ्या खातात हे खरंच, पण आबा सांगतात अशा थाटात, की गप्पींच्या नेमणुकीवर सही त्यांचीच.

जागेचा दलाल येतो. “आबा, भरणी फुकट करून देतो. रात्रीत चार डंपर.”

“तुझ्या बिल्डिंगची टाकी किती लिटरची?”

“दहा हजार.”

“भरते कशाने?”

“टँकरने.”

“मग नीघ.”

2018 च्या जुलैत वसई-विरार बुडालं. लोक फ्रिज पलंगावर चढवत होते. आबा मच्छरदाणी घेऊन बांधावर मासे अडवत होते. पाणी ओसरल्यावर बादली घेऊन घरोघर, “आमचं कुणी आलंय का इकडे?” शेजाऱ्याच्या ओट्यावर तिलापिया सापडला. आबांनी तो उलटसुलट पाहिला आणि “आपला नाही” म्हणत बादलीत टाकला. त्याच शेजाऱ्याने आपलं बावखल भरून वर बंगला बांधला होता; पाणी त्याच्या स्वयंपाकघरात गुडघाभर. आबांनी सांत्वन केलं, “पाण्याला जुना पत्ताच ठाऊक, त्याची काय चूक?”

तिकडे गेलात तर शिळा भात जरूर न्या. गळ नेऊ नका. आणि गुंठ्याचा भाव तर मुळीच विचारू नका.