सर्वसणी कुटुंबाचा शरद ऋतू

भिवंडी हे यंत्रमागांचे आणि गोदामांचे शहर म्हणून ओळखले जात असले, तरी ठाण्याकडून येणाऱ्या रस्त्यावर कशेळी-काल्हेरच्या बाजूला गेल्या काही वर्षांत जी गृहसंकुले उभी राहिली, त्यांत एका नव्या सामाजिक प्रकाराची वस्ती झाली असून जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात तो अद्याप बसवला गेलेला नाही. सोयीसाठी त्याला ‘सर्वसणी कुटुंब’ म्हणता येईल. जे कुटुंब पंचांगातला एकही सण सोडत नाही आणि पंचांगाबाहेरचा एखादा हाती लागला तर तोही सोडत नाही, ते सर्वसणी होय. त्यातील बाबा मानकोलीच्या एखाद्या गोदामात व्यवस्थापक असतात, आई ठाण्याच्या बँकेत नोकरी करते, मुले दोन असून धाकटे अजून बोबडे बोलते, आणि मोठ्याच्या बारशाला ‘चार दिवसांसाठी’ म्हणून आलेली आजी अजून गावी परतलेली नसते. घराचे हप्ते वीस वर्षांचे असल्यामुळे आनंद मात्र त्या त्या वर्षीच उरकून घ्यावा, असे या कुटुंबाचे अलिखित धोरण असते.

आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांचा शरद ऋतू संस्कृत कवींनी निरभ्र आकाश, कमळे आणि चांदणे यांनी भरून टाकला असला, तरी भिवंडीत तो ‘ऑक्टोबर हीट’ या नावाने येतो. पाऊस माघारी गेलेला, वाऱ्याचा पत्ता नाही आणि महामार्गावरची धूळ अवजड वाहनांमागून संथपणे उठते आहे, अशा हवामानातच सर्वसणी कुटुंबाचा सहलींचा हंगाम सुरू होतो. परदेशस्थ आतेबहिणीने भोपळ्यांच्या मळ्यात, पेंढ्याच्या गाठोड्यांवर बसवलेल्या मुलांची छायाचित्रे धाडलेली असतात. ती पाहिल्यावर आपल्या तालुक्यातही भातकापणी चाललेली आहे हे बाबांच्या ध्यानात येते आणि येत्या रविवारी गाडी पडघ्याच्या दिशेने निघते. खळ्यावरच्या पेंढ्यात धाकट्याला बसवून छायाचित्र घेण्याचा बेत तडीस जातो खरा. परंतु भाताचा पेंढा अंगाला खाजतो ही माहिती छायाचित्रातून कळत नसल्याने परतीचा सारा प्रवास मुलाची पाठ खाजवण्यात आणि ‘तरी मी म्हणत होते’ हे आजीचे वाक्य ऐकण्यात जातो.

दुसरी सहल वज्रेश्वरीची. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत केलेल्या नवसातून, १७३९ च्या विजयानंतर बांधले गेलेले हे देवस्थान किल्ल्यासारख्या तटबंदीमुळे मुलांना लगेच पटते. जवळच अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. पाण्याला गंधकाचा वास का येतो, या मोठ्याच्या प्रश्नाला बाबा भूगर्भाची रचना समजावू लागतात, तोच आजी आख्यायिका सांगून मोकळी होते : देवीने मारलेल्या दैत्यांचे ते रक्त आहे. मूल आनंदाने किंचाळून पुन्हा कुंडात पाय बुडवते. पुढे महिनाअखेरीस हेच आईवडील खोट्या रक्ताची नळी दीडशे रुपयांना विकत घेतात, हे येथे नोंदवून ठेवलेले बरे. लोणाडच्या लेण्यांची भेट मात्र फसते. ‘इथे भूत राहतं का?’ या प्रश्नाला ‘इथे बौद्ध भिक्षू राहत असत’ हे उत्तर मिळाल्यावर मुलांचे कुतूहल तत्काळ संपते.

यानंतर येतो हॅलोवीन. ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. त्यांच्या आदल्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, हा सण येतो. आयर्लंड-स्कॉटलंडकडील सुगी संपल्यानंतरच्या एका जुन्या केल्टिक उत्सवाशी त्याचे नाते जोडले जाते. पूर्वी तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेल्यावर सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. वसईच्या ख्रिस्ती गावांतून २ नोव्हेंबरला कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावल्या जातात, आणि तो दिवस गंभीरपणे पाळला जातो. भिवंडीत आलेला हॅलोवीन हा त्या बाजूने आलेला नसून बालवाडीच्या व्हॉट्सॲप गटातून आलेला आहे. ‘पाल्यास भीतिदायक परंतु गोड पोशाखात पाठवावे’ अशी सूचना तिथे येते आणि ती रात्री साडेदहानंतर, उद्याच्या डब्याची भाजी निवडताना आईच्या वाचनात येते. भीतिदायक आणि गोड यांचा मेळ कसा घालावा यावर त्या गटात रात्री साडेबारापर्यंत चर्चा चालते.

पोशाख ऑनलाइन मागवले जातात. ज्या रस्त्याने बाबा रोज कामावर जातात, त्याच रस्त्यावरच्या गोदामातून ते निघतात, आणि तरीही वाटेत दोन दिवस ‘भिवंडी’ एवढीच नोंद दाखवीत राहतात. मोठ्याचा रक्तपिपासू सरदाराचा काळा-तांबडा झगा वेळेवर पोहोचतो, धाकट्याचे पार्सल पोहोचत नाही. अखेर बाबा ओळखीच्या एका कारखानदाराकडून ग्रे कापडाचा, म्हणजे मागावरून नुकत्याच उतरलेल्या, न धुतलेल्या, न रंगवलेल्या कापडाचा तुकडा आणतात. डोळ्यांपुरती दोन भोके पाडली की भूत तयार, असा त्यांचा हिशेब असतो. देशाला कापड पुरवणाऱ्या गावात भुताला कापड कमी पडावे हे त्यांच्या अभिमानाला रुचणारे नसते. परंतु आजी दारातच उभी राहते. ‘कोरं पांढरं कापड लेकराच्या डोक्यावरून? तेही तिन्हीसांजेला? शिकलास कशासाठी एवढा?’ या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर बाबांकडे नसते. तडजोड म्हणून नव्या वस्त्राला लावतात तसे हळदीकुंकवाचे बोट भुताच्या चारी टोकांना लावले जाते, आणि मगच ते अंगावर चढते. डोळ्यांची भोके कानांवर आल्यामुळे ते भूत प्रथम चपलांच्या मांडणीवर आदळते.

भोपळ्याचा विषय याहून गहन आहे. अख्खा भोपळा प्रथम घरातल्या पुरुषाने फोडावा अशी अनेक घरांतली जुनी रीत असल्याने कोरण्याचे काम बाबांकडे येते, आणि हॅलोवीनच्या निमित्ताने त्यांच्या हाती वर्षातून एकदा सुरी दिसते, हा या सणाचा एक अनपेक्षित लाभ मानावा लागेल. तीन कोपऱ्यांचे डोळे कोरून होतात. दात कोरताना जबडा तुटतो आणि टाचण्या लावून जोडला जातो. दरम्यान काढलेला गर आजीने परस्पर किसून गूळ घालून शिजवायला ठेवलेला असतो, कारण भोपळा आला की घारगे व्हायचेच. शास्त्रशुद्ध सांगायचे तर लाल भोपळा स्वतःच मूळचा अमेरिका खंडातला. तो इथल्या स्वयंपाकघरात केव्हाच घरचा झाला असून आता त्याच्या मागोमाग त्याचा सण आला, एवढेच म्हणता येते. त्याच घराच्या चौकटीला दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला कोहळा असतो. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर पायाच्या अंगठ्याने फोडतात ते कडू कारीटही याच काकडी-भोपळ्याच्या कुळातले. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली, तेव्हा पहाटे कारिटाच्या रूपाने राक्षस चिरडून संध्याकाळी त्याच कुळातल्या भोपळ्यात दुसरा राक्षस पेटवण्याचा योग या कुटुंबांना लाभला. त्या दिवशी अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या समोर प्लास्टिकचा सांगाडा शत्रुसैन्य म्हणून उभा होता, आणि रात्री फुलबाजीच्या ठिणगीने त्याचा एक हात वितळल्यावर मावळ्यांचा विजय घोषित करण्यात आला.

दारोदारची फेरी हा या सणाचा कळस. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ असे म्हणत मुले शेजाऱ्यांकडे जातात. त्याचा भावार्थ खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, असा. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी म्हणणाऱ्या आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावणाऱ्या भोंडल्याची ही दूरची चुलत बहीण मानता येईल. फक्त चॉकलेटच्या वेष्टनावर नाव छापलेले असल्याने ओळखण्याची गंमत तेवढी गेली. संकुलातील सर्वच रहिवाशांना या प्रथेची कल्पना नसते. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ वर्गणीवाले समजून एकावन्न रुपये आणतात आणि पावती मागतात. तिसऱ्या मजल्यावर चकल्यांची चव घेऊन सांगण्यासाठी भुतांना आत बसवले जाते. एके ठिकाणी झोपलेले तान्हे घंटेने जागे झाल्याने भुतेच बोलणी खाऊन परततात. बारा दारांनंतर पिशवीत चार चॉकलेटे, एक डिंकाचा लाडू आणि एक सीताफळ असते. उकाड्याने मोठ्याचा रंग ओघळून मानेपर्यंत आलेला असतो आणि धाकटे भूत बाबांच्या खांद्यावर झोपलेले असते. मुलांपेक्षा आईवडिलांची हौस यात अधिक असते, हे निरीक्षण कोणत्याही संकुलाच्या जिन्यात उभे राहून पडताळता येईल.

इथली मूळ भुते या सगळ्यात कुठे आहेत, असा प्रश्न अभ्यासकाला पडणे साहजिक आहे. मुंज झाल्यावर अविवाहित मेलेल्या मुलाचा पिंपळावर राहणारा मुंजा, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ, रात्रीच्या वाटसरूला एकाच जागी गोल गोल फिरवणारा चकवा, हा सारा परिवार या भागात पिढ्यान्पिढ्या कार्यरत होता. मुलांना वरणभात संपवायला आणि दिवेलागणीला घरी परतायला लावणे ही त्याची प्रमुख सेवा. रस्ता रुंदीकरणात पिंपळ गेले, आणि चकव्याचे काम राजनोली नाक्यावरच्या वाहतुकीने अधिक कार्यक्षमतेने सांभाळले आहे. नव्या आईवडिलांनी मुलांना भीती दाखवायची नाही असे ठरवले असल्याने उरलेल्यांवरही बेकारी आली. ज्या घरात ‘बागुलबुवा’ शब्द उच्चारायला मनाई असते, त्याच घरात भुताचा पोशाख पैसे मोजून आणला जातो, ही विसंगती आजीने केव्हाच हेरलेली असते. पण ती बोलत नाही, कारण तिला तिचे काम करायचे असते. सगळे घरी परतल्यावर ती दोघांना पूर्वेकडे तोंड करून उभे करते, मुठीत मीठ-मोहऱ्या घेते आणि आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, भुताखेताची अशा सगळ्यांच्या नजरा एकेक करून उतरवू लागते. ‘आजी, पण भूत तर मीच आहे ना?’ असे मोठा विचारतो. ‘गप्प बस, हलू नकोस,’ एवढेच उत्तर येते. गॅसवर मोहऱ्या तडतडतात, धूर होतो, आणि दृष्ट जबर लागली होती असा निर्णय दिला जातो.

सर्वसणी कुटुंबावर पाश्चात्त्यांच्या अनुकरणाचा जो आरोप केला जातो, तो म्हणूनच टिकत नाही. या घरात नव्या सणासाठी जुना सण कधी वजा झालेला नाही. हिशेबात फक्त बेरीज आहे, आणि ती उचलणारी पाठ बहुधा आईची असते. २०२६ साली ३१ ऑक्टोबर शनिवारी येतो आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भुतांची फेरी नेमकी भाजणी दळून आणण्याच्या आणि करंज्या लाटण्याच्या आठवड्यात पडणार. त्या संध्याकाळी दारावरची घंटा वाजवण्यापूर्वी भुतांनी व त्यांच्या पालकांनी तळणीचा वास येतो आहे का ते पाहावे, आणि येत असल्यास अर्ध्या तासाने यावे, ही विनंती.