रस्त्यांच्या नावावर बिल फाडणाऱ्या टायरवाल्यांस

मालक,

तुमचे नाव आणि दुकानाचा पत्ता मी इथे लिहीत नाही. तुम्ही स्वतःला ओळखाल आणि तुमच्यासारखे इतरही स्वतःला ओळखतील, मला तेवढे पुरे आहे.

आमची एर्टिगा तुमच्या दारात आणली तेव्हा पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड पार गेली होती. एका जागी रबर संपून तार दिसत होती. टायर तुम्हीच विकलेले, आणि चाललेले वीस हजार किलोमीटरांच्याही आत. बरे टायर याच्या दुप्पट सहज चालतात. तुम्ही खुर्चीतून न उठता निकाल दिलात : "रस्तेच तसे आहेत." मग विचारलेत, गाडी कोण चालवतं? मी म्हणाले, मीच. त्यावर तुमचा दुसरा निकाल आला : "मग ताई, फुटपाथला घासत असाल."

टायरच्या धंद्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाने हे बोलावे? फुटपाथला घासते ती टायरची बाहेरची भिंत. आतल्या कडेपर्यंत फुटपाथ पोचतच नाही. रस्त्याच्या खड्ड्याने टायरला फुगा येतो, रिम वाकते, टाय रॉड ढिला होतो. पण दोन्ही टायर आतूनच आणि अगदी सारखे झिजत असतील, तर ती चाकांच्या कोनाची तक्रार असते. हवा सतत कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा झिजतो. शॉकअप गेला असेल किंवा बॅलन्सिंग बिघडले असेल तर जागोजागी खळगे पडतात. आणि टो बिघडला की नक्षीवरून तळवा एका दिशेने सुळकन जातो, उलट फिरवला की बोचतो. तुम्ही उठून एकदा हात फिरवला असता तर पुरे होते. ते न करता तुम्ही दोष माझ्या हातांना दिलात.

टो म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे गाडीच्या दिशेला किती समांतर आहेत ते. चाक नुसते पाव अंश तिरके असले, तरी दर किलोमीटरला चार मीटरहून जास्त आडवे ओढले जाते. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही, स्टिअरिंगलाही बरेचदा कळत नाही. मुंबई ते नागपूर सातशे किलोमीटर धरा आणि टायर किती आडवा घासला याचा हिशोब तुम्हीच करा. हे टाळायलाच अलाइनमेंट करतात. तुमच्या जुन्या बिलावर त्याचे पैसे लावलेले आहेत. गाडी मशीनवर चढली असेल तर आधीचे आणि नंतरचे कोन दाखवणारा कागद निघतो. मी तो मागितला तेव्हा तुम्ही म्हणालात, प्रिंटर बंद होता.

दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवले आणि टाय रॉडच्या टोकातला खेळ मला दाखवला. तो तसाच ठेवून अलाइनमेंट केली असती तरी पहिल्या स्पीडब्रेकरला पाण्यात गेली असती. आधी टोक बदलायचे, मग कोन बसवायचे, आणि टायर घालायचे ते त्याच कामासोबत. तुम्ही मात्र खेळ तसाच ठेवून मला चार नवे टायर विकायला निघाला होतात. तेही वीस हजारांच्या आत असेच गेले असते आणि मी पुन्हा तुमच्याच दारात आले असते.

आणि कोणते टायर विकत होतात? गाडीच्या टायरवर १८५/६५ आर १५ आणि पुढे ८८ लिहिलेले आहे. ८८ चा अर्थ एका टायरने ५६० किलो पेलायचे. तुम्ही पुढे केलात १७५ रुंदीचा, ८४ चा, म्हणजे ५०० किलोंचा. "थोडा बारीक चालतो, ॲव्हरेज वाढेल." चारी चाकांची मिळून २४० किलोंची ताकद तुम्ही एका वाक्यात कमी केलीत. या गाडीत मधल्या ओळीत आई-बाबा बसतात, मागे मुले, त्यांच्याही मागे सामान. सात माणसांच्या गाडीत जी ताकद राखीव हवी, नेमक्या तिलाच तुम्ही कात्री लावलीत.

त्यातल्या एका टायरवर चार आकडे होते : ३२२१. म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. इतकी वर्षे गोदामात पडलेले रबर तुम्ही नवे म्हणून, नव्याच्या भावात सांगितलेत. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. माझ्या जुन्या चारही टायरांची ती बाजू आत होती. तसे बसवणे हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

मला राग पैशांचा आहेच, पण त्याहून मोठा राग दुसरा आहे. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे. उन्हाळ्यात तिथले काँक्रीट तापते, आणि झिजलेला किंवा कमी हवेचा टायर त्या वेगात आणखी तापून फुटतो. पावसाळ्यात नक्षीचे काम पाणी बाहेर फेकण्याचे. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. ती १.६ वर आली की खोबणींतले छोटे उंचवटे पृष्ठभागाला टेकतात, म्हणजे टायर बदलायलाच हवा. आमच्या टायरची बाहेरची बाजू पाहिली तर अजून चार-पाच मिलिमीटर नक्षी शिल्लक होती. येता-जाता पाहणाऱ्याला तो टायर बरा वाटला असता. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडेला हात लावेपर्यंत धोका दिसत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला सांगणे तुमचे काम आहे.

मी टायर दुसरीकडून घेतले. कंपनीने ठरवलेलेच माप, ८८ चाच आकडा, आयएसआय खूण, चारही एकाच जातीचे आणि तारीख चालू वर्षाची. त्या दुकानदाराने आपण होऊन सांगितले की पुढे कधी दोनच घ्यायची वेळ आली तर नवे मागे घाला, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी सावरत नाही. हवा त्याने ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर वाचून, टायर थंड असताना भरली. दर आठ-दहा हजारांनी पुढचे टायर मागे, मागचे पुढे करायला बोलावले. आणि अलाइनमेंटचा कागद न मागता हातात दिला.

जुने टायर "इथेच राहू द्या" असे तुम्ही दोनदा म्हणालात. ते मी आणले आहेत. तारीख कुठल्या बाजूला आहे तेही फोटोत घेतले आहे. अलाइनमेंट न करता घेतलेले पैसे परत करा, आणि तो ३२२१ चा टायर विक्रीतून काढा. पुढच्या शनिवारी सकाळी मी बिल आणि तारेपर्यंत झिजलेला टायर घेऊन तुमच्या काउंटरवर येते आहे. त्या वेळी खुर्चीतून उठा आणि एकदा त्या टायरवरून हात फिरवून पाहा.

आपली,
तुमची एक जुनी गिऱ्हाईक