सेकंड हाफ जरा लंबा झाला

मुंबईत पिक्चरला तारे मिळतात, आमच्या भंडाऱ्यात खर्रा. पानठेल्यावरचा समीक्षक तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं तोंड भरलेलं असतानाच मत देतो, म्हणून ते मोजकं असतं. मान वर करून, खालचा ओठ सांभाळत नुसतं ‘हूं’ आलं तर पिक्चर बरा. मान आडवी हलली तर पैसे गेले. आणि बोलण्यासाठी कोणी चक्क खर्रा थुंकला, तर मामला गंभीर. तो थुंकणं म्हणजे तोंडचा घास टाकणं. नट कितीही मोठा असो, असं सहसा कोणी करत नाही.

मत द्यायला पिक्चर पाहिलेला असावा, अशी अट नाही. साळ्यानं नागपूरला जाऊन पाहिला, एवढं पुरतं.

परवा ‘शोले’चा विषय निघाला. १५ ऑगस्ट १९७५चा पिक्चर, तरी ठराव एकमतानं मंजूर: “असा खरा पिक्चर आता होत नाही.” दोन्ही हात गमावलेला ठाकूर गब्बरला पायांनी तुडवतो, वीज नसलेल्या गावात पाण्याची उंच टाकी उभी असते, पण त्यावर कोणाचा आक्षेप नाही. रामगढ आपल्या जिल्ह्यात येत नाही ना! लांबचं ते सगळं खरं असतं.

मग गाडी जवळ येऊ लागली. ‘पिंजरा’ निघाला, शांतारामबापूंचा, १९७२चा. निवृत्त गुरुजी म्हणाले, “गाणी उत्तम, रंग उत्तम. पण तमाशातल्या बाईपायी मास्तर एवढा वाया जाते, हे अति केलं. शिक्षकी पेशाबद्दल गैरसमज पसरते.” माजी सरपंचांना ‘पिंजरा’ शंभर टक्के खरा वाटला. त्यांचा राग २०११च्या ‘देऊळ’वर. “गावात देऊळ बांधण्यात पुढाऱ्याचा स्वार्थ कायचा जी? उगाच बदनामी!” यावर गुरुजींनी मनापासून ‘हूं’ केलं नाही.

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांचंही हेच. धान कापून झालं, दिवाळी सरली की मंडईची जत्रा भरलेल्या गावात रात्रभर नाटक. आम्ही गोधडी पांघरून पहाटेपर्यंत बसतो, मुलीला छळणाऱ्या सासूला शिव्या घालतो, हमसून रडतो. घरी परतताना प्रत्येकाला खलनायकात कोणीतरी ओळखीचं दिसलेलं असतं. ते नेहमी शेजारच्या घरातलं निघतं.

‘फँड्री’बद्दल विचारलं, तर एक जण म्हणाला, “शेवटी तो पोरगा दगड मारते ना, तो सीन जमला नाही. थेट आपल्याचकडे येते तो दगड.” दिग्दर्शकाचा नेम चुकला, असा निर्णय झाला.

शेवटी ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६ला आला आणि शंभर कोटींच्या कौतुकात न्हाला. सोसायटीचे सचिव खुलले. “भाच्याच्या वरातीत त्यातल्या गाण्यावर दोन तास नाचलो. कंबर धरली होती. पण शेवट नाही पटला, भाऊ. एवढं कुठं होते? घरात येऊन मारते का कोणी?”

सगळ्यांच्या माना वर होऊन ‘हूं’ म्हणायच्या बेतात होत्या. ठेलेवाला पन्नीत खर्रा घोटत होता. हात न थांबवता त्यानं विचारलं, “साहेब, मोहाडी तालुका कोणत्या जिल्ह्यात येते जी?”

कोणी उत्तर दिलं नाही. खरं तर अवघड प्रश्न नव्हता. तुमसरच्या बसमध्ये बसलं की मोहाडी वाटेतच लागते. त्याच तालुक्यातलं खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६च्या संध्याकाळी तिथं भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावातल्याच लोकांनी मारलं. त्या शेवटावर ‘अति केलं’ म्हणायला कोणी दिग्दर्शक नव्हता.

पन्नी घोटल्याचा आवाज तेवढा येत होता. गुरुजी चष्मा पुसू लागले. सरपंचांना फोन आला, न वाजताच. सचिव ठेल्याच्या बाजूला गेले, वाकले आणि अख्खा खर्रा थुंकून आले. आम्ही सरसावून बसलो. त्यांनी रुमालानं ओठ पुसले, दूर रस्त्याकडे पाहिलं आणि मत दिलं:

“सेकंड हाफ जरा लंबा झाला.”