चार गुंड्यांचा कोट

सेलूचं जुनं घर विकलं तेव्हा भावकीनं तांब्याचे घंगाळ, पाटा-वरवंटा, दाराच्या कड्यासुद्धा नेल्या. फोटोंची ट्रंक मात्र कुणी नेईना, म्हणून ती परभणीला माझ्याकडं आली. आत दीड-दोनशे फोटो आणि एकाच्याही मागं नाव नाही. घरच्या माणसांची नावं काय लिहून ठेवायची, असा त्या काळचा हिशेब असावा.

ओळख परेडीसाठी आत्याला बोलावलं. वय 84. आत्या माणसं ओळखत नाही, दागिने ओळखते. "ही कोण ते ठावं नाही, पर गळ्यातली बोरमाळ माझ्या मायची हाय. म्हंजे हिनंच नेली!" कालगणनाही तिची स्वतःची. पोलीस ॲक्शनच्या आधीचं, पोलीस ॲक्शनच्या नंतरचं आणि बहात्तरच्या दुष्काळाचं. एका गुटगुटीत बाळाकडं बघून म्हणाली, "हे बहात्तरचं नाही. सुकडी खाऊन कुणी इतकं फुगत नसतंय." मी गप्प बसलो. तो बाहेर आलेला डावा कान माझाच, आणि दाखल्यावर माझा जन्म फेब्रुवारी 1972 चा आहे.

काकांनी काढलेले फोटो ओळखायला सोपे. त्यांच्याकडं आग्फाचा क्लिक थ्री होता, एका रोलात बारा चौकोनी फोटो निघायचे. ज्यात सगळ्यांचे पाय व्यवस्थित आणि डोकी छाटलेली, ते काकांचे.

खरी मेख स्टुडिओतल्या फोटोंत होती. मागं तोच पडदा, पडद्यावर तोच तलाव, आणि आमच्या घरातला प्रत्येक पुरुष एकाच कोटात! जाडे आजोबा, काटकुळे मामा, सोळा वर्षांचे अण्णा, सगळ्यांना तोच. कोट स्टुडिओचा. मनगटावरचं घड्याळही स्टुडिओचंच असणार, कारण सगळ्यांच्या हातावर सव्वाचार वाजलेत.

तीन रात्री भिंग घेऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की कोट तोच असला तरी गुंड्या त्याच नाहीत. आजोबांच्या कोटाला तीन. मामांच्या कोटाला दोन, तिसरीच्या जागी लोंबणारा दोरा. एका जावयानं पोटावर हात ठेवलाय तो रुबाबासाठी नव्हे, तिथं एकही गुंडी उरलेली नाही. ट्रंकेच्या तळाशी अण्णांची लग्नपत्रिका निघाली, मे 1961 ची. त्या लग्नाच्या फोटोत एक गुंडी. मग काय, गुंडीगणिक माणसं ओळीनं लावत गेलो. बायको म्हणाली, "पोरांच्या शर्टाच्या गुंड्या एवढ्या बघितल्या असत्या तर!"

एकाच फोटोत चारही गुंड्या शाबूत होत्या. उभा माणूस, भरघोस मिशा. त्याच्या मागं मात्र शाईनं काहीतरी होतं: एक काठी, मग दात पडलेली फणी, मग दोन बदाम.

"बाईची भानगड हाय," आत्यानं निकाल दिला. मला वाटलं, बदाम-सातचा डाव असावा.

शेवटी घड्याळवाल्या चाचांकडं गेलो. निजामाच्या राज्यातले उर्दू कागद वाचणारे आता मोजकेच. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना असा भाव आला, की चाचांच्या दुकानात घड्याळं कमी आणि कागदच जास्त दिसायचे. त्यांनी फोटो उलटा केला आणि म्हणाले, "तेरा सौ पचपन."

माझी छाती फुगली. बहामनी राज्य 1347 मध्ये स्थापन झालं, आणि त्यानंतर आठच वर्षांनी आमचे पूर्वज कोट घालून परभणीत उभे! जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगीच नाही.

"अरे, फसली है ये," चाचा म्हणाले. "पान्सौ नव्वद मिलाओ."

हैदराबाद संस्थानातलं महसुली साल, ऑक्टोबरात सुरू होणारं. मिळवले. 1945 ते 46. बहामनी गेले, पण तारीख तर मिळाली! ट्रंकेतला एकमेव फोटो, ज्यावर घरच्या माणसानं साल लिहिलं. आणि नेमकं नाव लिहायचं राहिलं.

हा माणूस कोण, ते आत्याला येईना, अण्णांना येईना. पुतण्यानं मोबाइलवर रंग भरून दिले, त्यात कोट मोरपंखी झाला, तरी येईना. शेवटी मीच मागं पेन्सिलीनं लिहिलं: 'कोट, 1945-46. चारही गुंड्या शाबूत. आत कोण, माहीत नाही.'

आत्यानं ते वाचायला लावलं, फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "नाक काही आपल्याकडचं नाही बघ. पर कोट आपलाच हाय."