रुपयाला नऊ
"काय ओ काकू, स्टँडामागच्या टपरीवर धाड पडली म्हणं?"

"पडली की. चिठ्ठ्या लिहिणारं पोरगं नेलं. साताऱ्यात तसंच, आमच्या सांगलीत तसंच. बुकी घरात बसून चहा पितो आणि पकडतात चिठ्ठीवाल्याला."

"पण ही मटक्याची खोड आपल्या लोकांना लावली कुणी?"

"न्यूयॉर्कनं."

"चेष्टा करताय होय?"

"अगं, खरंच. तिथल्या बाजाराचा कापसाचा भाव मुंबईला यायचा. उघडताना किती, बंद होताना किती, यावर पैजा. ओपन आणि क्लोज तिथलंच. १९६१ ला तिकडून भाव यायचे बंद झाले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत म्हणून कच्छचा माणूस होता, त्यानं वरळी मटका काढला. आता कापूसच नको, नुसते आकडे! माझे वडील सांगलीत अडत्याकडं दिवाणजी. हळदीच्या वायद्यात बुडालेले त्यांनी पुष्कळ पाहिले. पण म्हणायचे, वायद्याच्या मागं निदान हरिपूरच्या पेवात हळद तरी असते."

"आणि तो रतन खत्री?"

"तो कराचीचा सिंधी. फाळणीत आला, तेव्हा पोरगाच. १९६४ ला त्यानं स्वतःचा मटका काढला. पत्त्यांच्या जोडातून तीन पानं काढायची, बेरजेचा शेवटचा आकडा तो ओपन. रात्री उशिरा परत तीन पानं, तो क्लोज. पानं लोकांदेखत काढायचा म्हणं, लबाडीचा संशय नको. आकडा फुटला की फोनाफोनी. आमच्या वाड्यातले एक काका क्लोज आल्याशिवाय पाठ टेकायचे नाहीत, आणि सकाळी पोरांना विचारायचे, स्वप्नात काय दिसलं? साप दिसला तर एक आकडा, प्रेत दिसलं तर दुसरा. आम्ही मुद्दाम काहीबाही सांगायचो."

"जुगाराचं म्हणाल तर आमचा भाचा लास वेगासला जाऊन आला. तिथं फ्लेमिंगो हॉटेल उभं करणारा बग्झी सीगल म्हणं गुंडच होता. पैसा दुसऱ्या गुंडांचा, खर्च हाताबाहेर गेला. १९४६ च्या डिसेंबरात जुगार सुरू, आणि १९४७ च्या जूनमध्ये ह्याला घरात बसल्या जागी गोळ्या घातल्या."

"बघ! त्याला वाळवंटात गालिचे अंथरून माणसं बोलवावी लागली. खत्रीचं गिऱ्हाईक आपल्याच गल्लीत, चार आणे घेऊन उभं."

"चार आण्यात त्याला परवडायचं कसं?"

"आकडे दहा. लागला तर रुपयाला नऊ. दहा जणांनी दहा आकड्यांवर रुपया रुपया लावला, एकाला नऊ दिले, एक रुपया उरला. असं गावोगाव, रोज. बंदूक कशाला लागतीय?"

"पण पोलीस?"

"आणीबाणीत १९ महिने आत होता की. आणीबाणी लागली त्याच वर्षी 'धर्मात्मा' सिनेमा आला, १९७५. प्रेमनाथ त्यात जे काम करतो ना, ते ह्याच्यावरूनच. शेवटी २०२० च्या मे महिन्यात मुंबईत गेला, ८८ वर्षांचा होऊन. भगताच्या घरचं मात्र ऐकवत नाही. त्याच्या मुलाची गाडी २००८ ला अलिबागजवळ ट्रकनं उडवली. अपघात म्हणत होते. निघाला खून! २०१३ ला कोर्टानं त्या मुलाच्याच बायकोला आणि पोराला दोषी धरलं."

"बायकोनं? आई गं!"

"धंद्याच्या गादीसाठी. मटक्याचा पैसा बाहेरच्याला बुडवतो, हे ठाऊक होतं. घरच्यांनाही सोडत नाही."

"सरकारनं हे कायमचं मोडून का नाही काढलं ओ?"

"सरकार! १९७६ ला आपल्याकडं कॅसिनोचा कायदा झाला, परवाने द्यायचे, कर घ्यायचा. अंमलात कधी आलाच नाही. २०२३ ला रद्द. टपरीवर धाड पडते ती १८८७ च्या कायद्यानं, राणीच्या राज्यातल्या."

"म्हणजे सत्तेचाळीस वर्षं नुसता फायलीत?"

"फायलीत. ज्याच्या खिशात आहे तो जातो गोव्याला, मांडवीतल्या बोटींवर. आमच्या दिरांचंच बघ, देवीच्या दर्शनाला म्हणून—"

"कुठले? कराडचे?"

"हळू गं! जाऊबाई आत डाळ निवडतीय."