सर, तुमचा मोबाइल

बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी आमच्या केंद्रावर पहिली झडती होते ती माझी. खिसे कोणी उलटे करत नाही, एवढा मान अजून शिल्लक आहे. पण केंद्रसंचालकांच्या टेबलावर पुठ्ठ्याचं एक खोकं असतं आणि खोक्यामागून आवाज येतो, "सर, तुमचा मोबाइल." मी देतो. दिल्यावरही ते माझ्याकडे बघत राहतात. दुसरा असेल तर तोही, असा त्या बघण्याचा अर्थ. दुसरा घ्यायची माझी ऐपत नाही, हे सांगावंसं वाटतं. पण तेवढ्यात मागची रांग खोळंबते.

मी नोकरीला लागलो तेव्हा संशय फक्त पोरांवर असे. ते दिवस सोपे होते. वर्गाच्या दारात उभं राहायचं, मोजे काढायला लावायचे आणि जे निघेल त्याकडे कौतुक लपवून बघायचं. काय काय निघे! झेरॉक्सवाल्याकडून गाइडचं पान इतकं बारीक करून आणलेलं, की अख्खा धडा आगपेटीत मावावा. पॅडवर शिसपेन्सिलने लिहिलेली सूत्रं. ती समोरून दिसत नाहीत, पॅड खिडकीकडे तिरकं धरलं की चमकतात. एका पोराने पाण्याच्या बाटलीचं लेबल सोडवून, आतल्या बाजूने उत्तरं लिहून, पुन्हा चिकटवलं होतं. बाटलीत पाणी भरलं की आरपार बघताना अक्षर मोठं दिसतं, हे त्याने स्वतः प्रयोग करून शोधलं होतं. पेपरात भिंगावर प्रश्न होता. तो नेमका त्याला आला नाही.

वस्तुनिष्ठ प्रश्न आल्यापासून तर कागदही लागत नाही. नाक खाजवलं की 'अ', कान ओढला की 'ब', मानेवरून हात फिरवला की 'क', खोकला काढला की 'ड'. एका वर्षी परीक्षेच्या तोंडावर गावात खरोखरची सर्दी-खोकल्याची साथ आली. त्या वर्षी आमच्या ब्लॉकमध्ये 'ड'ला भरघोस मतं पडली.

पण पोरं काय, पोरंच. खरी कॉपी कंपाउंडच्या बाहेरून येते. तिथे मोठा भाऊ असतो, मामा असतो, आणि ज्याला शाळेत असताना कधी काही आलं नाही असा एक उत्साही शेजारी असतो. खडा बांधलेली चिठ्ठी चार नंबरच्या ब्लॉकसाठी निघते आणि पाचमध्ये पडते. तिथला गरजू ती सोडत नाही. पेपर तपासताना मला एकदा पावसाळ्यावरचा निबंध आला होता. काळे ढग, मातीचा वास, आनंदलेला बळीराजा, सगळं रीतसर, आणि शेवटचं वाक्य, "उरलेलं अर्ध्या तासाने टाकतो, खिडकीपाशी बस." पोराने तेही सुवाच्य अक्षरात उतरवून खाली रेघ मारली होती. निबंध अपुराच राहिला होता. अर्ध्या तासाने पोलीस आले असावेत.

बंदोबस्त कमी झाला असं कोणी म्हणू नये. 1982 साली राज्याने परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदाच केला. बैठी पथकं आली, भरारी पथकं आली. भरारी पथकाची भरारी मात्र इतकी उंच असे, की ते खाली उतरायच्या आत साऱ्या केंद्राला दिसे. जीप नाक्यावर चहाला थांबली की इकडे वर्गातली पोरं ताठ बसत. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला म्हणून दहा मिनिटं आधी देत. वाचनाची गोडी एवढी वाढली, की त्या दहा मिनिटांत प्रश्नपत्रिका मोबाइलवर कुठल्या कुठे वाचली जाऊ लागली. तेव्हा 2023 पासून ती दहा मिनिटं सुरुवातीची काढून शेवटाला जोडली. 2025 मध्ये परीक्षेआधी मुलांना कॉपीमुक्तीची शपथ दिली. आमच्याकडे मागच्या बाकांना ती पाठ नव्हती. त्यांनी ती पुढच्यांच्या ओठांकडे बघून म्हटली.

याच काळात संशय पोरांवरून सरकत सरकत माझ्यापाशी येऊन ठेपला. मराठीच्या शिक्षकाला मराठीच्या पेपरला पर्यवेक्षण मिळत नाही. न जाणो, त्याने एखाद्याला समास सोडवून दिला तर! गणित भाग 2ला मात्र मला बिनदिक्कत आत सोडतात. माझ्या भूमितीबद्दल मंडळाची पुरती खात्री असावी. प्रश्नपत्रिकांचं पाकीट आता वर्गात, मुलांच्या समोर फोडायचं आणि ते आधी फोडलेलं नव्हतं म्हणून दोन परीक्षार्थींच्या सह्या घ्यायच्या. म्हणजे ज्यांचे मोजे मी आत्ताच काढायला लावले, त्यांच्याकडूनच माझ्या सचोटीचा दाखला मिळवायचा. मागे गैरप्रकार झालेल्या केंद्रांवर 2025 पासून पर्यवेक्षकच बाहेरच्या शाळेतून आणायचं ठरलं. शिवाय सीसीटीव्ही. त्यात पोरांचे वाकलेले माथे तेवढे दिसतात. चेहरा दिसतो तो एकट्या उभ्या असलेल्या माझा.

आणि उभंच राहायचं असतं. पंचवीस पोरं, एक मी आणि तीन तास. खुर्ची असते, पण बसायचं नाही. पेपर वाचायचा नाही, ना वर्तमानपत्र ना प्रश्नपत्रिका. शेजारच्या ब्लॉकच्या मॅडमशी दारात उभं राहून बोलायचं नाही. त्या तीन तासांत मी भिंतीवरच्या सुविचारातले ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, पंख्याचे फेरे मोजतो. हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवण्याचं कामही करतो. ते कधीच जुळत नाहीत. फोटोतला मुलगा नेहमी जास्त हुशार दिसतो.

तरीही एक युक्ती सांगतो, ती कुठल्या परिपत्रकातली नाही. फळ्यापाशी उभं राहू नये. पुढे उभ्या असलेल्या सरांचे डोळे पोरांना दिसतात, आणि ते कुठे वळले हेही कळतं. मागच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहावं आणि गप्प बसावं. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय, मला तिसऱ्या बाकापलीकडे काही दिसत नाही, पण हे पोरांना ठाऊक नसतं. खात्री करून घ्यायची तर मागे वळून बघावं लागेल, आणि मागे वळून बघणं हाच तर गुन्हा! एवढ्या भांडवलावर मी अख्खा ब्लॉक सांभाळतो.

इतरांनी याहून कडक उपाय केलेत. 2019 मध्ये कर्नाटकात हावेरीच्या एका कॉलेजने परीक्षार्थींच्या डोक्यावर पुठ्ठ्याची खोकी घातली होती, पुढून कापलेली. त्या फोटोवरून मोठा गहजब झाला. आमच्या शिपाईमामांनी मात्र फोटो नीट निरखला आणि मग टेबलावरच्या मोबाइलच्या खोक्याकडे बघितलं. 2016 मध्ये बिहारात मुजफ्फरपूरला सैन्यभरतीच्या लेखी परीक्षेला उमेदवारांना चड्डीवर मैदानात बसवलं. पण माझ्या मते सगळ्यांवर कडी चीनने केली, तीही सोंग राजवटीत, अकराव्या शतकात. परीक्षकाने उमेदवाराचं अक्षर ओळखू नये म्हणून कारकून बसवून उत्तरपत्रिका पुन्हा लिहून काढल्या जात आणि परीक्षकांना काम संपेपर्यंत कोंडून ठेवत. म्हणजे कॉपी सरकार करायचं आणि कोठडीत मास्तर! वाऱ्याची दिशा तेव्हाच ठरलेली दिसते.

आमच्याकडे अजून कोंडत नाहीत, हमीपत्रावर भागतं. माझा कोणी जवळचा नातेवाईक या केंद्रावर परीक्षेला बसलेला नाही, मी गोपनीयता पाळीन वगैरे वगैरे. यंदाचं हमीपत्र दोन पानी निघालं आणि त्यातला सहावा रकाना कोणालाच उलगडेना. मी मनाशी काहीतरी ठरवून भरला. माझं बघून शेजारच्या सरांनी अख्खं हमीपत्र भरलं, त्यांचं बघून पलीकडच्या मॅडमनी, असं करत कागद शिक्षकखोलीच्या टोकापर्यंत गेले. केंद्रसंचालकांनी गठ्ठा चाळला आणि चष्मा कपाळावर चढवला. भूगोलाच्या मॅडम, गणिताचे सर, पीटीचे सर, झाडून सगळ्यांनी 'अध्यापनाचा विषय' या रकान्यात 'मराठी' लिहिलं होतं. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या मराठीच्या पेपरला केंद्रावर एकही पर्यवेक्षक उरला नव्हता.